रोवणा कोनी केला

माझा स्वभाव संशयी. बायको म्हणायची, तुमच्या हातावर कोणी प्रसाद ठेवला तरी तुम्ही तो आधी हुंगून पाहाल. ते खरंच होतं, पण त्याला कारणही घडलं होतं. मी लहान असताना बाप दोन पावसाळे तापानं अंथरुणाला खिळला. त्याचा चुलतभाऊ आला, "तू नीज, मी पाहतो" म्हणाला आणि आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, त्यानं धान रोवलं. दुसऱ्या वर्षीही त्यानंच रोवलं. पटवारी पेरा लिहायला आला, तेव्हा ज्याचे हात चिखलात दिसले त्याचं नाव त्यानं लिहून टाकलं. बांध्या गेल्या. बाप बरा झाला, पण त्याला जायला शेत उरलं नाही.

पुढं मोठा झाल्यावर मी मालगुजाराकडून, गावच्या जमीनदाराकडून, तीन लहान बांध्या कसायला मिळवल्या. सालेकशाच्या अलीकडे, रेल्वेलाईनला लागून होत्या. गावात रोवण्याच्या दिवसांत सगळे एकमेकांच्या बांध्यांत जात, आज तुझ्याकडे तर उद्या माझ्याकडे. मी मात्र त्यातून अंग काढून घेतलं होतं. माझ्या चिखलात दुसऱ्या कोणाचा पाय पडू नये, एवढंच माझं म्हणणं. त्यावरून शेजाऱ्यांशी दोनचारदा वाजलं आणि मग लोकांनी माझं नावच टाकलं. दरवर्षी आम्ही दोघं नवराबायकोच वाकून वाकून कंबर मोडून घ्यायचो.

एका वर्षी ऐन रोवण्यात बायको बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. अंगठा वांग्यासारखा सुजला. रोवायचं म्हणजे तीनचार रोपं चिमटीत धरून चिखलात खोचायची, आणि माझी तर चिमूटच गेली होती. इकडे बांध्यांत चिखल करून तयार होता. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभराच्या वर गेली होती. आणखी आठ दिवस जागेवर राहिली तर त्यांना गाठ धरणार, मग रोवून न रोवून सारखंच. वर्षाचा भात तर जाणारच होता. शिवाय बांधी पडीक राहिली तर ती दुसऱ्याला देईन, असं मालगुजारानं सांगून ठेवलेलं होतं. मला झोप येत नव्हती, आणि कोणाच्या दारात जाऊन चला म्हणायला तोंडही नव्हतं.

एका सकाळी सुईणीकडून अंगठ्याला हळदीचा लेप चिंधीनं बांधून घेतला आणि शेतावर गेलो. पाहतो तर माझ्या बांधीत दहाबारा बाया ओळीनं वाकलेल्या. डोक्यावर पोती, लुगडी गुडघ्यावर खोचलेली. मी त्यांना ओळखलं. सालेकशापलीकडच्या डोंगरातून मालगुजाराच्या रोवण्याला आलेली ही टोळी. पंधरा दिवस त्याच्याच गोठ्याशेजारी उतरली होती.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. मालगुजाराची माणसं माझ्या चिखलात. बापाचं झालं तेच आता माझं होणार, याविषयी मला काडीची शंका उरली नाही.

"कोनं धाडलं तुमाले?" मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावरूनच ओरडलो.

त्यांच्यातली एक बुढी सरळ झाली. चेहऱ्यावर चिखल उडालेला, हातात पऱ्ह्यांची जुडी.

"कोनी नाई धाडलं. मालगुजाराचं काम काल सरलं. आमी घरी जाऊन राहिलो होतो."

"मंग इथं काऊन उतरल्या?"

"पऱ्हे बुढे होऊन राहिले. दिसत नाई काय तुले?"

"माह्याजवळ द्याले काई नाई."

"मांगतलं कोनं?" असं म्हणून ती पुन्हा वाकली.

मी निघा म्हणालो. पुन्हा म्हणालो. कोणी मान वर केली नाही. तेव्हा मी धुऱ्यावर बसलो आणि दिवसभर तिथंच बसून राहिलो, जसं काही माझ्या डोळ्यांदेखत कोणी जमीन गुंडाळून काखेत मारून नेणार होतं. फुकट कोण वाकतं, हा एकच विचार डोक्यात घोळत होता. मध्ये बुढीनं विचारलं, घरवाली कुठं आहे. बाळंतीण आहे, असं तोंडातून निघून गेलं आणि लगेच पस्तावलो. ही आता लेकराला पाहायला मागेल, दृष्ट लावेल. तिनं काही मागितलं नाही. नुसतं "बरं झालं" म्हणाली.

संध्याकाळी त्या गेल्या. गेल्या त्या पुन्हा मालगुजाराच्या गोठ्याकडेच. झालं, माझी खात्री पटली. दिवेलागणीची वेळ होती, आजूबाजूला कोणी नव्हतं. मी बांधीत उतरलो आणि एका कोपऱ्यातली त्यांनी रोवलेली रोपं भराभर उपटली. मग तीच डाव्या हातानं पुन्हा खोचू लागलो. निदान एक कोपरा मी स्वतः रोवला, असं पटवाऱ्यापुढं शपथेवर सांगता यावं, एवढ्यासाठी. डाव्या हाताला ते जमेना. जोर द्यायला उजवा अंगठाही चिखलात घातला, तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. खोचलेलं रोप दोन पावलं पुढं जाईपर्यंत वर यायचं. शेवटी कंटाळून घरी आलो. बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

सकाळी जाऊन पाहतो तर त्या आधीच आल्या होत्या. कोपऱ्यात माझी रोपं पाण्यावर तरंगत होती आणि बुढी तिथंच उभी होती. मी धुऱ्यावर थबकलो. तिनं चिखलात हात घालून काहीतरी बाहेर काढलं. पिवळी चिंधी होती, माझ्या अंगठ्याची. घरी कुठं सुटून पडली असेल असं मी रात्री समजलो होतो.

तिनं चिंधीकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या अंगठ्याकडे पाहिलं. चिंधी पाण्यात नीट खळबळून धुतली, पिळली आणि माझ्या बाजूला धुऱ्यावर वाळत घातली. बाकीच्या बाया विचारत होत्या, हे कायनं उपटलं.

"ढोर शिरलं असन," ती त्यांना म्हणाली. "भुकं असन बिचारं."

आणि तरंगणारी रोपं गोळा करून तिनं तो कोपरा पुन्हा रोवला. मग दोघींना पाठवून बोरीच्या काट्या आणवल्या आणि त्या कोपऱ्यावर कुंपण घातलं. मी तिथं उभा होतो आणि मला इतकी लाज वाटली की ती आजही वाटते. कोणी चारचौघांत जोडा मारला असता तरी इतकी वाटली नसती.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती बाजेवरून म्हणाली, "आता त भात शिजवा." आयुष्यात पहिल्यांदा मी चूल पेटवली. एका हातानं शिजवलेला तो भात खाली करपला, वर कच्चा राहिला. दुपारी टोपलीत घालून नेला. वाटेत पाणवठ्यावरच्या शेजारणीनं विचारलं, कुणासाठी. सांगितलं. थोड्या वेळानं ती आणि तिची सून आमच्या बांधीत उतरलेल्या दिसल्या. त्या घराशी माझा तीन वर्षं अबोला होता. मी त्यांना नको म्हणालो नाही.

डोंगरातल्या बाया धुऱ्यावर बसून जेवल्या. बुढीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "करपला." मग सगळा खाल्ला.

तिसऱ्या बांधीचा शेवटचा कोपरा दुसऱ्या दिवशी सकाळी पुरा झाला. त्यांनी हातपाय धुतले, पोती काखेत मारली आणि रेल्वेलाईनच्या कडेकडेनं डोंगराकडे निघून गेल्या. मी धुऱ्यावर उभा राहून पाहत होतो. खरं सांगायचं तर तेव्हाही मनाचा एक कोपरा म्हणत होता, थांब, पटवारी येऊ दे, मग कळेल.

पटवारी आला तो धान निसवून लोंब्या धरल्यावर. सोबत मालगुजाराचा कारभारी होता. कारभाऱ्यानं माझ्या बांध्यांकडे पाहिलं, "धान बरा आहे रे तुझा" म्हणाला आणि पुढच्या शेताकडे चालू लागला. एवढंच. इतके दिवस मी ज्याला भीत होतो ते त्याच्या मनातसुद्धा नव्हतं.

पटवाऱ्यानं दप्तर उघडलं. "या साली रोवणा कोनी केला?"

याच प्रश्नाचं उत्तर तयार करायला मी दिवेलागणीला चिखलात उतरलो होतो. तोंडात तेच उत्तर होतं. पण निघालं दुसरंच.

"डोंगरातल्या बाया आल्या होत्या, त्यायनं केला."

"नाव सांग."

तीन दिवस मी त्यांच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली होती. कोणी धाडलं, कशाला उतरल्या, सगळं विचारलं होतं. नाव एकीचंही विचारलं नव्हतं.

पटवाऱ्यानं टाक बुडवला आणि तिथं माझंच नाव लिहिलं.