लाल कागदाचं टोक

अक्काच्या अंगणात नाताळच्या चांदणीसाठी खळ शिजत होती. मैद्यात मोरचूद पडल्यावर सुटणारा तो कडवट वास आला आणि मला माजलगावचं आमचं अंगण दिसलं.

तिथं बाबा तुराट्या बांधून पाच टोकांची चांदणी करायचे. घरात आम्ही पाच माणसं होतो. ज्यानं त्यानं आपल्या टोकाला पतंगी कागद स्वतः चिकटवायचा, ही आमच्या घरची रीत. अक्काचं टोक कायम लाल.

ती बाबांच्या मनाविरुद्ध लग्न करून नेकनूरला गेली. त्या वर्षी आईनं तिच्यासाठी लाल कागद हातात घेतला, तर बाबांनी तो ओढून चुलीत घातला. "ऱ्हाऊ दे तसंच उघडं. लोकांनाबी दिसू दे."

नाताळच्या संध्याकाळी अक्का करंज्यांचा डबा घेऊन फाटकापाशी आली. अंगणातल्या कडुलिंबावर टांगलेल्या चांदणीत दिवा लागला होता आणि तिच्या टोकाच्या नुसत्या काड्या दिसत होत्या. ती वर बघतच राहिली. बाबा शांतपणे म्हणाले, "कोन पायजे तुमाला?" ती डबा ठेवून गेली. करंज्या बाबांनी कोंबड्यांना घातल्या.

आता लकवा झालेले बाबा अक्काकडेच असतात. तीच त्यांना भरवते, पुसते, कूस बदलते. तिच्या हाताला लई माया आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे.

तिची चांदणी झाली तेव्हा एका टोकाला कागद नव्हता.

"हे कावून राहिलं?" मी विचारलं.

"बाबांचं हाय," ती म्हणाली, आणि त्यांची बाज ओढून तिनं नीट चांदणीसमोर लावली.