इंजिन गार झालं त्या शनिवारी

डेल्बर्ट स्कॉगिन्सचा जन्म गारठ्यात गेला. कोंबड्या साफ करून खोक्यांत भरणाऱ्या कारखान्याच्या शीतगृहात त्यानं उभी हयात काढली. अलाबामाच्या ऐन उन्हाळ्यात कानटोपी घालून कामावर जाणारा आमच्या भागातला तो एकमेव इसम. त्यामुळे बर्फ या विषयावर तो अधिकारवाणीनं बोले. कुठला बर्फ चिवट, कुठला नाजूक, पेट्रोल पंपावर पिशवीत मिळणारा बर्फ आतून कसा पोकळ आणि लबाड, हे तो लग्नाच्या जेवणातही सांगे. मग ऐकणारा आपला गोड चहाचा पेला उचलून हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरके.

शनिवारी मात्र तो आपली निळी नोव्हा गाडी घेऊन गावाबाहेरच्या ड्रॅग स्ट्रिपवर शर्यतीला जाई. दोन गाड्या, समोर सरळसोट पट्टा आणि मध्ये दिव्यांचा खांब. पिवळे दिवे एकेक करत खाली येतात, हिरवा लागतो, की सुटायचं. आपली गाडी किती वेळात जाईल हे आधीच काचेवर लिहायचं आणि बरोब्बर तेवढ्याच वेळात न्यायची. त्यासाठी इंजिन दर फेरीला सारखंच गरम हवं. नोव्हाला एकशे साठ अंश फॅरनहाइट मानवे. एका दौडीत तापमानाचा काटा दोनशेच्या वर जाई. पुढच्या फेरीआधी त्याला खाली आणायचा, हाच सगळा खटाटोप.

हा खटाटोप बघायला लोक मुद्दाम येत. कोंबड्यांच्या शेडमधला अजस्र पंखा रेडिएटरसमोर, पाण्याचा पंप जनरेटरवर घरघरत ठेवलेला, इंजिनावर ओले टॉवेल, टॉवेलांवर बर्फाच्या पिशव्या. त्याची बायको नेडीन टॉवेल पिळून देत असे. शेजारच्या जागेत गाडी लावणारा ट्रुएट, डेल्बर्टचा शाळेपासूनचा दोस्त, उकडलेल्या शेंगा खात विचारी, "नेडीन, ताप किती आहे गं पेशंटला? पाद्रीबाबांना बोलवू?"

"तुझं तोंड गार कर आधी," डेल्बर्ट म्हणे.

गेली दोन वर्षं डेल्बर्ट सतत हरत होता. गाडी चोख होती. दिवा लागल्यावर ती जागची हलायलाच उशीर होई, आणि हे कुंपणापलीकडच्या गायींनाही दिसत होतं. "अरे, दिवा हिरवा झाला," ट्रुएट ओरडे, "शेजारचं गवत हिरवं झालं, तू आपला तिथंच! मुक्काम आहे का?" यावर डेल्बर्टचं ठरलेलं उत्तर होतं, "इंजिन गरम होतं."

एप्रिलमध्ये त्यानं ब्रेकवर पाय उशिरा ठेवला आणि नोव्हा पट्ट्याच्या टोकाला वाळूत जाऊन रुतली. लागलं काही नाही. पण घरी आल्यावर नेडीननं हातातली पातेली खाली ठेवली. "आता तू त्या सीटवरून उतर."

"इंजिन गरम होतं गं."

"वाळूत जायला इंजिन कशाला गार लागतं?"

तेव्हा त्यानं शब्द दिला. काटा बरोबर एकशे साठवर असताना हरलो, तर किल्ली तुझ्या हातात देईन. देवाशपथ.

त्यानंतर सबंध उन्हाळ्यात काटा एकशे साठवर आलाच नाही. बर्फ दुप्पट झाला, टॉवेल तिप्पट झाले, आणि नोव्हा तापलेलीच. कारण पिशव्या जात होत्या दोन्ही कडेच्या चकचकीत झाकणांवर. तिथं त्या शोभून दिसत, बाकी उपयोग शून्य. गार करायचा तो मधला भाग उघडा राही. शीतगृहात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं कसं म्हणावं? हात आपोआप कडेला जाई, आणि डेल्बर्ट हाताला काही विचारत नसे.

त्या शनिवारी पहिल्या फेरीत समोरच्याची गाडी सुरूच झाली नाही. दुसऱ्या फेरीत समोरचा हिरव्याआधीच सुटला आणि बाद झाला. अशा रीतीनं कोणालाही न हरवता डेल्बर्ट तिसऱ्या फेरीत दाखल झाला. गाड्या कमी उरल्या की फेऱ्या भराभर येतात. काटा दोनशे दहावर होता. डेल्बर्ट जवळजवळ खुशीत म्हणाला, "वेळच नाही. गरमच न्यावी लागणार."

तेवढ्यात त्याची पुढची प्रतिस्पर्धी आली. केन्ड्रा पीपल्स, इस्पितळात नर्स, बापाची लाल गाडी चालवणारी. तिच्या काखेत बर्फाची पिशवी होती.

"काका, सावकाश होऊ द्या. तुमचा काटा खाली येईपर्यंत मी रांगेत जात नाही. दिवे सोडणाऱ्या माणसाला सांगून आलेय."

स्ट्रिपवरची ही जुनी रीत. तापलेल्या गाडीला हरवण्यात कोणाला शान वाटत नाही. डेल्बर्टनं स्वतः कितीदा तरी कोणाकोणासाठी असं थांबून दाखवलं होतं. आता नाही कसं म्हणणार?

"कशाला पोरी, तुझा खोळंबा..."

केन्ड्रानं पिशवी थेट मधोमध ठेवली. नेडीननं कडेच्या झाकणांवरच्या सगळ्या पिशव्या उचलल्या आणि त्याही मध्ये रचल्या. म्हणजे तिला माहीत होतं. उन्हाळाभर माहीत होतं.

काटा उतरू लागला. दोनशे. एकशे नव्वद. डेल्बर्ट त्याच्याकडे असा बघत होता, जसं कोणी पुराच्या पाण्याकडे बघतं. फक्त हे पाणी उतरत होतं.

"पाणी ठिबकतंय," तो म्हणाला. "पट्टा ओला झाला तर सोडणार नाहीत."

नेडीननं खाली वाकून सगळं कोरडं पुसलं.

एकशे साठ.

"बस आत," ती म्हणाली. हेल्मेटची पट्टी तिनंच हनुवटीखाली लावली, आणि लावताना त्याच्या गालाला हात लावला.

नोव्हा लाल गाडीपेक्षा सावकाश, म्हणून नियमाप्रमाणे हिरवा दिवा आधी तिला मिळणार होता, केन्ड्राला मागून. पिवळे उतरले. डेल्बर्टला ते लख्ख दिसले. हिरवाही दिसला. 'आता,' त्यानं पायाला सांगितलं. पाय जणू दुसऱ्या गावी राहायला गेला होता; निरोप पोचला तेव्हा शेजारची लाल गाडीही सुटत होती. नोव्हा पुढे अगदी काचेवर लिहिलेल्या वेळात धावली. तिनं कसलीच कसूर केली नाही. तरी लाल गाडी आधी पोचली.

परत आल्यावर हेल्मेट काढायच्या आधी त्यानं किल्ली काढली आणि नेडीनच्या तळहातावर ठेवली. एप्रिलपासून तिला हेच हवं होतं. तिला मूठ मिटवेना.

केन्ड्रा आली. "काका, आतून गरमच असणार हो. हवा बघा किती दमट."

"हो ना!" ट्रुएट घाईनं म्हणाला. "दमटपणाच. काटे काय, काहीही दाखवतात."

डेल्बर्टनं वर पाहिलं. "एकशे साठ होता, ट्रुएट. तूच बघितलास."

"असेल."

"मग बोल की काहीतरी. गवताचं म्हण."

ट्रुएटनं टोपी काढली आणि आत काही लिहिलंय का ते बघितल्यासारखं केलं.

"अरे बोल ना, माकडा!"

"पंखा बंद करू का?" ट्रुएटनं विचारलं. इतक्या हळू आवाजात, इतक्या अदबीनं, की मयताच्या घरीच कोणी असं विचारावं.