भावोजींनी इंजिन उघडलं तेव्हा

ताईचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. मी गोरेगावला, माझ्या घरी, डबा भरत होते. "गेले गं," ती म्हणाली. "पहाटे पाचला. कागद घ्यायला घरी आलेय, गाडी घेऊन परत हॉस्पिटलला निघतेय. तू सावकाश ये." माझ्या तोंडातून भलतंच निघालं, "गाडी तू चालवतेयस? आत्ता?" "मग कोण चालवणार?" म्हणाली आणि फोन ठेवला... भावोजींना जाऊन आता दोन महिने होत आले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की आधी तो फोनच आठवतो. साठी उलटलेली माझी बहीण त्या सकाळी मुलुंडच्या रस्त्यांवरून एकटी गाडी चालवत गेली, त्यामागे भावोजींचा एक निर्णय होता. आणि त्या निर्णयावरून मी त्यांच्याशी भांडले होते.

मधुकर भावोजी भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर छोटी-मोठी कामं करत राहिले. सहा फूट उंच, आवाज मात्र इतका हळू की फोनवर दोनदा विचारावं लागे. त्यांची ती राखाडी गाडी घेतली तेव्हाच जुनी होती. गणपतीत गावी जायला आणि एरवी बिल्डिंगखाली उभी राहायला, एवढाच तिचा उपयोग होता. मग आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, किडन्या गेल्या. अण्णा गिरणीत होते. गिरणी गेली, आई गेली, तरी भांडुपच्या टेकडीवरच्या दोन खोल्या सोडायला तयार नव्हते. डायलिसिस मुलुंडला, आठवड्यातून तीनदा. भावोजींनी कोणाला विचारलं नाही, कोणी त्यांना सांगितलंही नाही. पहिल्या दिवशी गाडी घेऊन टेकडी चढले आणि पुढची अडीच वर्षं चढत राहिले.

त्यातल्या शेवटच्या वर्षी गाडी तेल प्यायला लागली. चालू केली की मागून निळसर धूर निघायचा. दर दुसऱ्या रविवारी भावोजी बॉनेट उघडून इंजिनात तेल ओतायचे. गॅरेजवाल्या गावडे मिस्त्रींनी गाडी बघितली आणि सांगितलं, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन उघडावंच लागेल. इंजिनचा ब्लॉक कुर्ल्याच्या वर्कशॉपला पाठवायचा, तीन आठवडे गाडी विसरा. तीन आठवडे म्हणजे डायलिसिसच्या नऊ फेऱ्या. रिक्षात अण्णांची पाठ एकेका खड्ड्याला कळवळायची. मी म्हटलं, मी कॅबने नेते, त्यात काय! गाडी मिस्त्रींकडे देण्याआधी दोनदा नेऊन बघितलं. दुसऱ्या वेळी ड्रायव्हरने गल्लीत गाडी घालायला साफ नकार दिला आणि अण्णा माझ्या खांद्यावर हात टाकून उतारावरून चालत खाली आले. अर्ध्या वाटेत दुकानाच्या पायरीवर बसले, तर उठेचनात. भावोजींच्या कानावर ते गेलं. त्यांनी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, "इंजिन राहू दे. तेल घालून चालवतो."

अण्णांना हे पटत नव्हतं. "मधू, मी जातंय रिक्षान. तू इंजिन उघड," ते प्रत्येक फेरीला त्यांच्या मालवणीत म्हणायचे. एकदा मी मागच्या सीटवर असताना डायलिसिसहून परत येताना गाडी भर रस्त्यात बंद पडली. प्लगवर तेल चढलं होतं. भावोजींनी शांतपणे प्लग काढला, तारेच्या ब्रशने घासला, फडक्याने पुसून परत बसवला. अण्णा खिडकीतून बघत होते. म्हणाले, "हिकापण आठवड्यातसून तीनदा साफ करूक व्हया." भावोजी रस्त्यात उभे राहून इतके हसले की त्यांना पाना धरता येईना. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या गाडीपायी अण्णांची एकही फेरी चुकली नाही. अण्णा गेले ते त्यांच्या खोलीत, झोपेत.

दिवस-कार्य झालं. आता ती गाडी भंगारात जाणार, हे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. आणि महिन्याभरात ताईने सांगितलं, गाडी मिस्त्रींकडे दिलीय, इंजिन उघडलंय. मला का कोण जाणे, भयंकर राग आला. थेट मुलुंडला गेले आणि भावोजींना म्हटलं, "अण्णा होते तेव्हा वर्षभर धूर खात फिरलात. आता गाडीत बसायला कोणी नाही आणि आता इंजिन करताय? कोणासाठी?" त्यांनी ताईकडे बघितलं. ताई स्वयंपाकघरात निघून गेली. "ही शिकतेय चालवायला," ते म्हणाले. "मी चालवत होतो तेव्हा तेल प्यायली तरी चालत होतं. आवाजावरून मला कळायचं, गाडी आता किती ओढेल ते. हिला कसं कळणार? हिच्या हातात असली गाडी कशी देऊ?" "पण ताईने कशाला शिकायचं या वयात?" मी विचारलं. त्यावर ते नुसतंच म्हणाले, "शिकू दे ना."

त्यांच्या डाव्या मांडीतल्या गाठीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला होता. क्लच दाबताना पाय भरून यायचा, म्हणून ते डॉक्टरांकडे गेले होते. कॅन्सर होता. दोघांनी तो आमच्यापासून दोन महिने लपवला. मला कळलं तेव्हा मी फोन करून माफी मागायला लागले, तर म्हणाले, "तू बरोबरच विचारत होतीस. मीच अर्धं सांगितलं."

ताईला मोटार ट्रेनिंगवाल्याने लायसन्स मिळवून दिलं, पण गाडी चालवायला शिकवली भावोजींनी. रोज सकाळी सहाला दोघं निघायची. "अहो, मला भीती वाटते." "वाटू दे. क्लच सोड." एवढंच त्यांचं शिकवणं. एकदा पुलाच्या चढावर ताईच्या हातून गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. ताई रडकुंडीला आली. भावोजींनी खिडकीबाहेर हात काढून मागच्यांना थांबायची खूण केली आणि तिला म्हणाले, "त्यांचं मी बघतो. तू तुझं बघ." चौथ्यांदा गाडी चढली... पुढे आठ महिने, केमोपासून शेवटच्या भरतीपर्यंत, ताईनेच त्यांना नेलं-आणलं. भावोजी शेजारी बसायचे. कधी डोळे मिटून घ्यायचे, पण झोपायचे नाहीत. ताई म्हणते, गिअर उशिरा टाकला की डोळे न उघडता ते हळूच "हं" करायचे.

गेल्या रविवारी मी मुलुंडला गेले होते. संध्याकाळी निघताना ताई म्हणाली, चल, सोडते गोरेगावला. मी पुढे तिच्या शेजारी बसले. भावोजींना दुखरा पाय लांब करता यावा म्हणून ती सीट पार मागे सरकवलेली होती. मला वाटलं, असू दे तशीच, हात लावायला नको. ताईने माझ्याकडे बघितलं. "अगं, ओढ ना पुढे. ते सहा फूट होते, तू आहेस का?"

मी खालची दांडी ओढली. सीट हलली नाही. ताई उतरली, माझ्या बाजूला आली, तिने मागून जोर लावला, मी पुढून. सीट जागची हलेना. दोघीही दमलो. "सीटखालची पट्टी गंजली वाटतं," ताई म्हणाली. "मिस्त्रींना दाखवायला हवी." तिने पदराने हात पुसले, फिरून आपल्या जागी येऊन बसली आणि चावी फिरवली. मी पाय लांब करून, मागे रेलून बसले. आम्ही निघालो.