फोटोसाठी वतलेलं पाणी

"ओत ते पाणी," सर म्हणले.

माय नुसती बघत राहिली. कमरेवर घागर, गळ्यापर्यंत भरलेली. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"अगं, ऐकू येत नाही का? घागर रिकामी कर आणि पालथी धर. फोटोत दुष्काळ दिसला पाहिजे."

दुष्काळ दिसला पाहिजे म्हणे! अरे, आम्ही दुष्काळातच उभ्या होतो की. आटलेल्या तळ्याच्या मधोमध, भेगा पडलेल्या गाळात. तांबडं फुटायच्या आधी आम्ही मायलेकी तिथं आलो होतो. गाळात हातभर खड्डा खांदायचा, तळाला पाणी झिरपायची वाट बघायची, आणि जमलं की वाटीनं खरडून घागरीत घालायचं. त्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणायचो. वाटीत निम्मं पाणी, निम्मा गाळ. फडक्यानं गाळायचं. अशी एक घागर भरेपर्यंत कंबर मोडायची. वरच्या गल्लीतल्या आडाला अजून पाणी होतं. पण त्या आडावर आमचा दोर चालत नव्हता.

सर म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर. त्यांच्या शेजारी महेश उभा होता, माझ्याच वर्गातला, गळ्यात कॅमेरा अडकवून. आमची वस्ती लातूरच्या कडेलाच, आणि त्याच्या बापाची तिथंच दाल मिल होती. बापाला सगळे अप्पा म्हणायचे. माय त्यांच्याच मिलमध्ये डाळ निवडायला जायची. म्हणून तर सर तिला असं खुशाल बोलून राहिले होते.

"सर, जरा दम धरा," माय म्हणली. "घरी ठिवून येते घागर. दुसरी रिकामी आणते की."

"तोवर ऊन चढतं. कोवळ्या उन्हातच फोटो चांगला येतो."

"मंग झिऱ्यात तरी वतते. वाया न्हाई जायचं."

झिरा तिथंच होता, जरासा पलीकडं. ती वळली तसे सर वरडले, "हलू नकोस! किती वेळ लावून जागा जुळवलीय. उभी आहेस तिथंच ओत."

महेशनं कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला. "वत की गं सोजर. लवकर कर."

सोजर. माझ्याएवढं पोरगं, आणि माझ्या मायला नावानं हाक मारून राहिलं होतं. मावशी न्हाई, बाई न्हाई. सोजर!

मायनं माझ्याकडं बघितलं. मंग घागर कलती केली. पाणी पडलं आणि भेगांनी ते लगेच गिळलं. तिचा पाय भिजला, लुगड्याचा काठ भिजला. मी तोंडाला हात लावून उभी होते. सकाळपासून मी एक घोटसुद्धा प्यायले नव्हते, घरी जाऊन प्यायचं म्हणून.

"सर, ओल दिसून राहिली," महेश म्हणला.

सरांनी मला बोट दाखवलं. "ए, तू. त्यावर कोरडी माती टाक."

मी टाकली. मायनं वाटीवाटीनं भरलेलं पाणी मी माझ्या हातानं मातीखाली बुजवलं. "हां. आता बाजूला हो, तुझी सावली येते," सर म्हणले. मायनं घागर पालथी धरली. खटका वाजला. दोघं स्कूटरवर बसून निघून गेले.

तोवर मिलचा भोंगा झाला होता. पुन्हा झिऱ्यावर बसायला वेळ नव्हता. माय रिकामी घागर माझ्याकडं देऊन तशीच मिलला गेली, ओल्या काठानं.

हे सगळं एका स्पर्धेपायी. आमचा जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. जिकडं तिकडं पाट्या रंगवून राहिले होते. पेंटर 'जिल्हा उस्मानाबाद' खरडायचा आणि त्यावर 'जिल्हा लातूर' लिहायचा. रंग पातळ असला की खालची जुनी अक्षरं वर डोकवायची. शाळेनं स्पर्धा ठेवली, नव्या जिल्ह्याच्या फोटोंची. गावशिवाराचा एक फोटो, शहराचा एक. सरांनी वर्गात नियम सांगितला. जे दिसेल तेच टिपायचं, खोटं काही करायचं नाही.

मी हात वर केला होता. मला खरंच फोटो काढायचा होता. त्या पाटीचा. आणि गंजगोलाईचा, लातूरच्या त्या गोल बाजाराचा. गोलाईतून रस्ते कसे चहूकडं फुटतात ते एखाद्या माडीवरून टिपावं असं लई वाटायचं. मी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून सगळीकडं बघत हिंडायचे. माय म्हणायची, "येड लागलं का गं तुला?"

"सर, कॅमेरा न्हाई त्यानं काय करायचं?" मी विचारलं.

सर हसले. "ज्याच्याकडं कॅमेरा नाही, त्यानं फोटोत उभं राहायचं."

सगळा वर्ग हसला. मला वाटलं, गंमत केली असंल. गंमत कसली! तळ्यात मायला उभं केलं तेव्हा कळलं, तोच खरा नियम होता.

महेशचा फोटो स्टुडिओतून मोठा करून आणला. काळापांढरा, भिंतीवर मावंल तेवढा. खाली नाव दिलं, 'तहान'. शाळेच्या दारातच टांगला. येणारा-जाणारा थांबायचा, च् च् करायचा. एक बाई तर डोळे पुसून गेल्या. माझ्या मायची घागर वतायला लावणाऱ्याचं कौतुक, आणि डोळे पुसायचे मायसाठी!

पोरांना तर खेळच मिळाला. मी वर्गात शिरले की मागून आवाज यायचा, "आली बघ रिकामी घागर!" कुणी वाट सोडून उभं राहायचं. "अपशकुन झाला रे, पाणी पिऊन निघा." याच पोरांच्या घरी कुणी गावाला निघालं आणि रिकामी घागर आडवी आली, तर पाय मागं घ्यायचे, घोटभर पाणी पिऊन मग उंबरा ओलांडायचे. दारात चालत न्हाई ती घागर. भिंतीवर चालती. वर बक्षीसही आणती.

माझं कशात लक्ष लागंना. जेवताना तेच, वाचताना तेच. मधल्या सुट्टीत मी त्या फोटोसमोर जाऊन उभी राहायचे. बघून बघून डोळे दुखायचे, तरी पाय निघायचा न्हाई. आणि एक दिवस मला दिसलं. मायच्या लुगड्याचा काठ. ओला. काळाभोर होऊन पायाला चिकटलेला. मी माती टाकली होती भुईवरच्या ओलीवर. काठ सगळेच विसरले. सर विसरले, महेश विसरला, मीही विसरले. थेंबभर पाणी न्हाई म्हणून टांगलेला फोटो, आणि त्यातल्या बाईचा काठ पाण्यानं निथळतोय!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी जाऊन मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणली, "दिसंना का. बघायचं कुणाला हाय?"

बक्षिसाच्या आदल्या दिवशी सरांनी मला बोलावलं. मोठे साहेब येणार होते, नव्या जिल्ह्याचे. "फोटो पहिला आलाय. साहेबांना ती बाई बघायचीय. पण मिलमध्ये माल भरायचाय, अप्पा तिला सोडणार नाहीत. तू ये. तीच घागर घेऊन. रिकामी आण. फोटोशेजारी उभी राहा, तशीच पालथी धर. आणि केस बिस विंचरून येऊ नकोस."

मायला सांगितलं तर ती म्हणली, "जा. उभी राहा. तोंड उघडू नको. मिल त्यांची हाय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. बाप खडी फोडायच्या कामावर, त्याच्या एकट्याच्या मजुरीत भागत नव्हतं. मिल सुटली तर चूल कशी पेटायची, हे मलाही कळत होतं. मी हाव म्हणले. मनातून म्हणले. रिकामी घागर घेऊन निघाले तेव्हा खरंच गपचूप उभी राहणार होते. केससुद्धा विंचरले न्हाईत.

शाळेच्या फाटकात आले आणि थांबले. आत पाण्याचा टँकर उभा होता. शाळेचा शिपाई पाइप धरून मैदानावर पाणी मारून राहिला होता. धूळ उडू नये, पाहुण्यांच्या कपड्यांना लागू नये म्हणून. मैदान चिंब झालं होतं. कडेला डबकं साचलं होतं. आमच्या वस्तीत टँकर आठवड्यात एकदा यायचा, तोही कधी कधी न्हाईच. आणि इथं धुळीला पाणी पाजून राहिले होते.

माझ्या डोळ्याला पाणी आलं. मंग राग आला. मंग काय आलं ते मला अजून सांगता येत न्हाई. मी सरळ जाऊन पाइपखाली घागर लावली.

"ए पोरी!" शिपाई वरडला. रोज हाच माझ्या ओंजळीत वरून पाणी वतायचा, तांब्या शिवू द्यायचा न्हाई. "पाव्हण्यांसाठी हाय हे!"

"घागर घेऊन यायला सरांनीच सांगितलंय."

ते खोटं नव्हतं. तो पाइप तसाच धरून राहिला. घागर गळ्यापर्यंत भरली. मी ती कमरेवर घेतली, माय घेती तशी, आणि स्टेजवर चढले.

फोटो दारातून आणून तिथं लावला होता, साहेब त्याच्यासमोर उभे होते. सर त्यांना समजावून सांगत होते, महेश शेजारी नव्या कपड्यात. अप्पा पहिल्या रांगेत. मला बघून सरांचं तोंड उतरलं. जवळ येऊन दातओठ खात म्हणले, "रिकामी आणायला सांगितली होती ना? ओत ते. तिकडं जाऊन ओत."

"न्हाई," मी म्हणले.

"काय?"

"न्हाई वतत."

माइक पुढंच होता. माझा आवाज सगळ्या मैदानावर गेला. मी दचकले. पण निघालेला शब्द आता मागं कसा घ्यायचा? मी साहेबांकडं वळले.

"साहेब, ही माझी माय हाय. त्या दिवशीसुद्धा घागर भरलेलीच होती. सरांनी वतायला लावली. झिऱ्यातसुद्धा वतू दिली न्हाई. तिच्या लुगड्याचा काठ बघा. वला हाय का न्हाई?"

साहेब वाकले. चष्मा वर केला. बराच वेळ बघत राहिले. महेश बुटाकडं बघत होता.

"सावली आहे ती," सर म्हणले. "पोरगी घाबरलीय, साहेब."

"मी न्हाई घाबरले. महेशला विचारा."

कुणी विचारलं न्हाई. साहेबांनी घड्याळ बघितलं. बक्षीस महेशलाच दिलं. टाळ्या झाल्या, जरा कमी झाल्या एवढंच. मी पायऱ्या उतरले आणि त्या चिंब मैदानातून भरलेली घागर घेऊन घरी आले. वाटेत कंबर अवघडली. पण घागर खाली टेकवली न्हाई.

दिवस मावळताना माय आली. तिच्याआधी बातमी आली होती. अप्पांनी तिला सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको.

"मुडदा बशिवला तुझ्या जिभेचा!" माय दारातूनच सुरू झाली. "गप उभं राहायला काय झालं होतं गं? आता खायचं काय? फोटो खायचा का?" तिनं मला दोन रपाटे घातले. मी खाल्ले. मंग ती कोपऱ्यातल्या घागरीजवळ बसली. झाकण काढलं. आत बघितलं. गाळ नव्हता, तळ दिसत होता. तिनं वाटी बुडवली आणि घटाघटा प्याली.

"सगळ्यांसमोर म्हणलीस?"

"हाव."

"वतत न्हाई म्हणलीस?"

"हाव."

"अप्पा होते?"

"पहिल्या रांगेत होते."

तिनं तोंड पुसलं. वाटी पुन्हा भरली आणि माझ्यापुढं धरली. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या बापाबरोबर खडी फोडायला जायला लागली. तिचे हात त्या उन्हाळ्यात फुटले ते कधी नीट झाले न्हाईत. ते मी विसरले न्हाई. सरांनी मला शाळेत येऊ नको म्हणून बजावलं होतं. मी गेले. रोज गेले. शेवटच्या बाकावर बसवलं, बसले. फोटो पुन्हा दारात टांगला, पुढं कितीतरी दिवस तो तिथंच होता. मी त्याच्याखालून मान वर करून जायचे.

दुष्काळ काय, एकदा येऊन थांबतो थोडाच. पुन्हा आला, पुन्हा पुन्हा आला. लातूरला पाणी रेल्वेनं आणायची पाळी आली त्या साली तर वस्तीत कॅमेरेवाल्यांची रीघ लागली. एक पोरगा आला, बोलायला गोड, पाठीवर पिशवी, हातात मोठा कॅमेरा. माझ्या शेजारणीनं टँकरवरून नुकतीच घागर भरून आणली होती. तो तिला म्हणला, "मावशी, जरा एवढं पाणी ओता ना. फक्त एक फोटो. घागर रिकामी पाहिजे."

मावशी म्हणला. एवढाच काय तो फरक पडला होता.

शेजारीण वतायला वाकली. मी बाजेवरून उठले. गुडघे दुखतात आता, तरी उठले आणि तिच्या घागरीवर हात ठेवला.

"वतायचं न्हाई," मी म्हणले. "आमच्या वस्तीत कुणाच्या फोटोसाठी थेंब सांडणार न्हाई. तुला दुष्काळ पाहिजे ना? मंग वरच्या गल्लीत जा. बंगल्यापुढं पाइप लावून गाड्या धुऊन राहिलेत, त्यांचा काढ. टँकर आधी कुणाच्या दारात थांबतो, त्याचा काढ."

पोरगा हसला. "मावशी, असा फोटो कोण छापणार?"

मी हात पुढं केला.

"तुला जमत न्हाई ना? दे तो कॅमेरा इकडं. मी काढते. तू तिथं उभा राहा."