सक्रीबाईची तीन कणसं

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यायचं असतं. पण माझा धाकटा भाऊ वामन पडला पांढरकवड्याकडे ग्रामसेवक, त्याला रजा मिळेना. शेवटी वाईच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागल्यावर मीच निघाले. धामणगावपर्यंत आगगाडी आणि पुढे एसटी. स्टँडवर वामन सायकल धरून उभा होता. वाळला होता, पण तोंडाचा पट्टा तसाच.

"ताई, उद्या तुला माझी ज्वारी दाखवतो."

"तुझी कधीपासून?" मी विचारलं.

ती संकरित ज्वारी होती. आदल्या वर्षी त्याने बंजाऱ्यांच्या एका तांड्यात (वस्तीत) सक्रीबाई नावाच्या बाईच्या शेतात ते नवं बियाणं पेरून घेतलं होतं. पीक असं आलं होतं, की आसपासची माणसं बघायला आली. यंदा इतर गावांच्या कामामुळे पेरणीच्या आधीपासूनच तो तिकडे फिरकला नव्हता.

सकाळी पायी निघालो. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पुढची वाट मी वामनच्या चपला फटकारत चालले, तो अनवाणी, तरी बडबड चालूच. तांड्याची शेतं लागली आणि तो बांधावरच थांबला.

एकाच ओळीत ज्वारीचं एक ताट (धाट) कमरेएवढं, शेजारचं डोक्याच्या वर. काही कणसं उशिराच्या पावसाने काळी पडलेली, काही अजून हिरवी. पिकली तेवढी पाखरांनी टिपलेली. आणि हे एका शेतात नव्हे, साऱ्या तांड्याच्या शेतांत. मला शेतीतलं फारसं कळत नाही, पण यात वर्षाचं खाणं नाही हे मलाही दिसत होतं.

सक्रीबाई दारात सुपातले काळे दाणे निवडत होती. वय साठीचं, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या.

"असं काहून झालं, साहेब?" तिने विचारलं. "मी तं चांगली चांगली कणसं निवडून धुरात टांगलती."

"बियाणं कुठून आणलंत?" वामनने विचारलं.

"आनतो कायले? घरचंच. साऱ्या तांड्याले बी मीच देतो."

तांड्याची चालच तशी होती. सगळ्यांचं ज्वारीचं बी सक्रीबाईच्या चुलीवर, धुरात टांगलेलं असे. पेरणीच्या वेळी बायका टोपल्या घेऊन तिच्या दारी येत. नवी कणसं एवढी भरदार दिसली, की तिने तीच बियाला ठेवली आणि जुनी दळून टाकली. संकरित ज्वारीचं बी घरी धरायचं नसतं, दर साली नवं आणावं लागतं, हे तिच्या कानावर आलंच नव्हतं.

"मी सांगितलं होतं," वामन म्हणाला. "सभेत. दोनदा."

"सभेत गडीमानसं होते, साहेब. बी मी ठेवतो."

ती रागावून बोलली नाही. मला मात्र वामनच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि लगेच त्याची कीवही आली.

तिने आम्हाला जेवायला बसवलं. रेशनवरच्या लाल मिलोची (परदेशी ज्वारीची) बाटी (भाकर) आणि अंबाडीची भाजी. सून जेवायला बसली नाही. माझ्या ताटात तिची बाटी होती, हे मला जेवण झाल्यावर कळलं. फार लाज वाटली.

"दर साली इकत घ्याले पैसे नाहीत. जुन्या उंच ज्वारीचं बी असन तं कोलामाइच्या पोडावर असन," सक्रीबाई म्हणाली. "तेवढं आनून दे."

पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. दुसऱ्या दिवशी लाकडाच्या ट्रकमधून झरी जामणीच्या जंगलात उतरलो. पहिल्या दोन पोडांवर हात हलवत परतावं लागलं. तिसऱ्यावर एका म्हातारीने छपरातून कणसांची जुडी काढली. पेरणी वाया गेली, तर पुन्हा पेरायला म्हणून राखलेली. वामनने पैसे पुढे केले, ते तिने मागे सारले.

"तीन घ्या. जास्त मांगू नका, बापा. आमालेबी लागते."

तांड्यावर सक्रीबाईने कणसं हुंगली, एक दाणा दाताखाली फोडला. "हेच," म्हणाली आणि चुलीवर टांगली.

"मग खायला कधी?" मी विचारलं.

"येत्या पावसायात कोपऱ्यात पेरतो. ते सारं बीच ठेवाचं. त्याच्या पुढच्या साली तांडा पेरन, मंग खाऊ."

"आणि तोवर?"

तिने सूप पुढे ओढलं आणि काळे दाणे निवडू लागली. निघताना वामनला एवढंच म्हणाली, "साहेब, आता सभा असन तं मले बलाव."

मी वाईला परतले. इथे मुलींना भूगोल शिकवते. ज्वारी हे त्या जिल्ह्याचं पीक, एवढंच पुस्तकात आहे, आणि मीही इतकी वर्षं तेवढंच सांगत आले.

शिमग्याच्या सुमारास वामनचं पत्र आलं. सभा ठरल्यावर तो स्वतः सक्रीबाईला बोलवायला गेला, तर दाराला कडी. सून, मुलगा, सगळेच राजूरच्या कोळशाच्या खाणीकडे मजुरीला गेलेले. कणसं तिने ओटीत बांधून नेली, असं शेजारणीने सांगितलं. पेरणीला ती येईल का, असं त्याने मला विचारलंय. येईलही. पण ते बी साऱ्यांना पुरेपर्यंत तांड्याने खायचं काय, हे आम्ही दोघांनी तिला अजून सांगितलेलं नाही.