दिग्गीची गाडी किती उचलायची?

गाडी जॅकवर चढवलेली होती आणि ती किती उचलायची यावर तिघांची तीन मतं होती.

बुधवंत म्हणत होते, "वीतभर उचला." त्यांचा मुलगा पुरसो ती गाडी चालवायचा. तो म्हणत होता, "अर्धी वीत बास." आमच्या गॅरेजचे मालक आप्पा म्हणत होते, "कितीबी उचला, पण उद्या जॅक मोकळा करून द्या." मी गाडीखाली पडून ऐकत होतो. काम मलाच करायचं होतं.

गोवा मोकळा झाल्यानंतरची ही गोष्ट. बेळगाव-गोवा रस्त्यावर ट्रक वाढले होते, पण रामनगर म्हणजे अजून रस्त्याकडेची थोडीशी दुकानं आणि आमचं पत्र्याचं गॅरेज एवढंच होतं. दिग्गी तिथून लांब, जंगलात. गावच्या मुख्याला तिकडे बुधवंत म्हणतात. या बुधवंतांनी घरोघर वर्गणी काढून एका लाकूड कंत्राटदाराची जुनी पिकअप गावासाठी विकत घेतली होती. भात बाजारात न्यायचं, मीठ-रॉकेल आणायचं आणि कुणी आजारी पडलं तर खानापूरच्या दवाखान्यात पोचवायचं, ही त्या गाडीची कामं.

अडचण वाटेची होती. कुंभारवाड्यापर्यंत गाडी बरी यायची. पुढं लाकडाच्या लॉऱ्यांनी चाकोऱ्या खोल पाडलेल्या. चाकं चाकोरीत उतरली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागायचा. मागच्या अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याच्या, मध्ये डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. गाडीत सगळ्यात खाली लोंबतो तोच. तो उंचवट्यावर टेकला की चाकं नुसती गरगरतात, गाडी हलत नाही.

"गेल्या साली सुनेला घेऊन येताना अशीच अडकली," बुधवंत म्हणाले. "माणसं गोळा करून ढकलून काढली. दवाखान्यात पोचलो, पर पोर हाताला लागलं न्हाई. औंदा तिला परत दिवस गेलेत. मिस्त्री, आता गाडी अडकायची न्हाई."

आप्पांनी वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं.

मग आप्पा मला म्हणाले, "ठोकळे घाल. त्यांच्या पैशात बसतंय."

गाडीचं वजन पाट्यांवर असतं. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घातला, लांब यू-बोल्टनं आवळला, की गाडी उचलली जाते. काम स्वस्त आणि झटपट. पण ठोकळ्यानं अ‍ॅक्सल वर येत नाही. तो चाकांबरोबर जिथल्या तिथं राहतो आणि त्याला चिकटलेला गोळाही. गाडीचं अंग तेवढं वर जातं. वजन वर गेलं की आडव्या उतारावर गाडी कलंडायला बघते.

मी हे बुधवंतांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे गाडी उंच दिसणार, पर गोळा तसाच घासणार?"

"व्हय. गोळा वर न्यायचा तर मोठी चाकं पायजेत."

"त्येवढी वर्गणी न्हाई."

"मग जादा पाटे घालूया," आप्पा म्हणाले. "भंगारात ट्रकचे पडलेत. निदान भार घातल्यावर गाडी बसणार न्हाई, बाकीचं पोट तरी घासणार न्हाई."

हा सल्ला चुकीचा नव्हता. भरलेली गाडी खाली दबते तेव्हा मडगार्ड, सायलेन्सर, डिझेलची टाकी सगळंच घासतं. मी माप घ्यायला वाकलो.

बुधवंतांची सून, पुरसोची बायको शेवंता गॅरेजच्या तोंडाशी जुन्या टायरवर बसली होती. माहेरी जायला म्हणून ती बरोबर आली होती. सासऱ्यासमोर ती बोलत नव्हती. बुधवंत पान खायला पलीकडच्या दुकानात गेले, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, पाटे वाढवले की गाडी मऊ होती का कडक?"

"कडक."

"मग नको."

पुरसो म्हणाला, "अगं, अडकली तर?"

"अडकली तवा मी मागं आडवी हुते," ती म्हणाली. "तुमी समदी खाली उतरून ढकलत हुता. मला तवाच जरा बरं वाटलं. हादरं थांबलं हुतं." मग थांबून म्हणाली, "परत सुरू झाली तवा वाटलं, आता न्हाई सोसत."

पुरसो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. हे तिनं त्याला आधी सांगितलेलं नसावं.

मी पाटे उतरवले. तोपर्यंत मी त्यांच्याकडे उंचीच्या हिशेबानंच बघत होतो. आता वेगळं बघायला लागलो. कंत्राटदारानं ओंडके लादायला आधीच जादा पट्टी घातलेली होती. शिवाय सगळ्या पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. पाट्याची गंमत अशी, की पट्ट्या एकमेकींवर सरकतात म्हणून तो लवतो. गंजून चिकटल्या की तो रुळाचा तुकडा होतो. दिग्गीची गाडी तशीच, रुळाच्या तुकड्यांवर धावत होती.

बुधवंत आल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "मामा, कंत्राटदाराची जादा पट्टी मी काढतो. बाकीच्यांना ऐरणीवर ठोकून परत कमान देतो, साफ करून ग्रीस भरतो. गाडी दोन बोटं वर यील, वीतभर न्हाई. पर लवंल."

"दोन बोटांत काय हुतंय? उंचवटा?"

"उंचवट्याचं वाटेवर बघायचं. गाडीवर न्हाई."

"वाट जंगल खात्याची. खणायला परवानगी लागती."

"खणू नका. चाकोऱ्या भरा. चाक वर आलं की गोळाबी वर येतो."

त्यांनी खाली बसून उघड्या पडलेल्या पाट्यांवर बोट फिरवलं. गावाला काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न असणार. वर्गणी गाडी उंच करायला दिलेली, आणि गाडी तर जवळजवळ तेवढीच दिसणार. मी शेवंताचं नाव काढलं नाही. पुरसोच म्हणाला, "बाबा, मागं झोपणाऱ्याला हादरं बसत्यात. मिस्त्री म्हणतात तसं करूया."

बुधवंतांनी सुनेकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. "करा," ते म्हणाले.

आप्पा मात्र मला आत नेऊन म्हणाले, "भट्टीत न तापवता थंडच ठोकून दिलेली कमान टिकती का?"

"न्हाई. एखादं साल."

"मग गाडी परत येणार. लोक म्हणणार, आप्पाच्या गॅरेजात काम कच्चं."

"आधीच सांगून ठेवतो."

बुधवंतांना तसं सांगितलंही. काम झाल्यावर मी त्यांच्याबरोबर दिग्गीला गेलो. कुंभारवाड्याच्या पुढं पुरसोला म्हणालो, "आता मी मागं आडवा होतो." गवताच्या भाऱ्यावर पडलो. हादरे होतेच, वाटच तशी होती. पण आदळणं गेलं होतं. गाडी खाली जायची, वर यायची, पाठीत घण बसत नव्हता. गोळा मात्र तीन-चार जागी कर्रकन घासला. प्रत्येक जागी बुधवंत उतरले, काठीनं खूण केली आणि पुन्हा बसले. एका ठिकाणी त्यांनी आपली काठी चाकोरीत उभी धरून खोली पाहिली आणि म्हणाले, "हितं दगड लई लागतील."

पावसाळ्यात ती वाट बंदच असते. पाऊस सरल्यावर लॉऱ्यांनी चाकोऱ्या पुन्हा उकरल्या असणार. गावानं नाल्यातले गोटे आणून त्या भरल्या, असं पुरसोनं नंतर सांगितलं. दिवाळीनंतर एका दुपारी ती पिकअप गॅरेजसमोरून गेली. नव्या कामानंतर पाट्यांचे यू-बोल्ट ढिले पडतात, ते आवळायला गाडी घ्यावी म्हणून मी हात केला. पुरसोनं नाही म्हणून मान हलवली आणि गाडी न थांबवता खानापूरकडे नेली. मागं दोन बायका बसलेल्या दिसल्या, तिसरी दिसली नाही. ती आडवी असणार.

मला दिवसभर काम सुचलं नाही. चार दिवसांनी परतीच्या वाटेवर गाडी थांबली. मुलगी झाली होती. शेवंता पुढच्या सीटवर बसली होती, मुलीला पोटाशी धरून. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. मी यू-बोल्ट आवळून दिले.

पुढच्या उन्हाळ्यात सांगितल्याप्रमाणे कमान बसली, पाटे सपाट झाले आणि गाडी परत आली. आप्पा म्हणाले, "बघ, जादा पाटे घातले असते तर आली नसती." खरं होतं ते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

इतकी वर्षं गॅरेजात काढल्यावर मला एवढं कळलंय, की गाडी आणून देणारा माणूस ती कुठं घासते तेवढं सांगतो. ती कुणाला लागते ते विचारावं लागतं. मऊ पाटा लवकर बसतो, हे खरं आहे. बसला की उतरवायचा आणि परत कमान द्यायची. मिस्त्री त्यासाठीच असतो.