पासलीच्या आत्याचे गुडघे

पासली गावची माझी आत्या कुणासाठी उठून उभी राहत नसे. साहेब आले की कळ दाबल्यासारखा सगळा गाव उठायचा, आणि ही पान चघळत बसून राहायची. कुणी खुणावलंच तर म्हणायची, "गुडघे दुकत्यात." याच गुडघ्यांवर ती दिवसभर चिखलात वाकून भाताची लावणी करायची, चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन बांध उतरायची. तेव्हा त्यांची तक्रार नसे.

साहेब म्हणजे आमच्या वेल्ह्याकडचे थोर पुरुष. थोर कशामुळे, ते पन्नाशी उलटली तरी मला कळलेलं नाही. मार्गासनीपासून पुढे प्रत्येक फ्लेक्सवर त्यांचा चेहरा आणि खाली कार्यसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचे कैवारी. जो मोठा छापला तो मोठा, एवढं आमच्या लोकांना पुरतं. पाया पडायची तर इतकी घाई, की पाय कुणाचे हे बघायलाही सवड नसते.

एका पावसाळ्यात साहेब आत्याच्या खाचरात लावणीला उतरले. विजार दुमडलेली, मागे छत्री धरणारा, पुढे फोटोवाले. चार काड्या खोचल्या आणि बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मातीत रमणारा नेता'. माझ्या आतेभावानं, म्हणजे आत्याच्याच लेकानं, ते कात्रण काच लावून भिंतीवर टांगलं. आत्यानं मात्र साहेबांची गाडी वळायच्या आत त्या काड्या उपटून पुन्हा लावल्या होत्या. "त्यानं फोटूसाठी लावलं," ती म्हणाली, "आमाला खायाला लागतं."

तिला खरी किळस होती दहाव्याच्या भाषणांची. आमच्याकडे दशक्रियेला नदीकाठी माईक लागतो, आणि मेलेल्याला ज्यांनी कधी पाहिलेलं नसतं ते पुढारी एकामागून एक श्रद्धांजली वाहतात. शेवटच्या आजारपणात तिनं आम्हा दोघांना जवळ बसवलं. "माज्या दहाव्याला त्येला बोलवू नगा. मला सुकानं जाऊ द्या." मी हो म्हटलं. आतेभावानंही मान डोलावली. जन्मभरात तिनं आमच्याकडे मागितलं ते एवढंच.

दहाव्याला माईक होता आणि साहेबांना निरोपही गेला होता. पिंड ठेवून आम्ही मागं सरतोय तोच कावळा शिवला. मला भरून आलं. आत्या सुटली होती. आतेभाऊ मात्र कासावीस झाला. साहेब यायच्या आधीच शिवला, आता ते येऊन बघणार काय? त्यानं भटजींना गळ घालून दुसरा पिंड ठेवायला लावला. त्याला काही केल्या कावळा शिवेना. झाडावर बसून सगळे नुसते बघत होते. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचा सायबांवर लई जीव व्हता. त्यांच्यासाठीच अडलीय."

माना डोलल्या. एका बाईनं तर डोळ्यांना पदर लावला. जी जन्मभर त्या माणसासाठी उठली नाही, तिला या लोकांनी दहा दिवसांत त्याची भक्त करून टाकलं. मला त्या साहेबांपेक्षा या गर्दीची शिसारी आली.

गाड्या आल्या. साहेब उतरले तसा अख्खा काठ उभा राहिला. आतेभाऊ तर अर्धा वाकलाच. मी खालीच बसून राहिलो. त्यानं माझा दंड धरून ओढलं, दातओठ खात म्हणाला, "ऊठ की, सायब आल्यात."

"गुडघे दुकत्यात," मी म्हणालो.